ओट्याचा दगड ठरवण्याआधी

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तिघं एकदम बोलायला लागलो की कुणाचंच धड ऐकू येत नाही, आणि ओट्याचा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देऊन पडवीत जातात. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आई भाजी निवडता निवडता ऐकेल.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे मी शहाणपणा शिकवतेय असं वाटायला नको. आमच्या फ्लॅटमधला पांढरा संगमरवरी ओटा आई दर वेळी कौतुकाने बघते. त्यावर कोपऱ्यात फळांचा वाडगा असतो ना, तो शोभेसाठी नाही. घेताना दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, वरून सीलर मारलाय, काही होत नाही." दुसऱ्याच आठवड्यात लिंबाची फोड रात्रभर उलटी राहिली. सकाळी फोड उचलली तर खाली तेवढाच गोल, चकाकी पार गेलेला. घासून घासून हात दुखले, पण तो डाग नव्हताच, तेवढा दगडच खाल्ला गेला होता. हळदीचे डाग निराळे. वाडगा उचलाल तर सगळी वंशावळ दिसेल.

तेव्हा आई, तुला पांढरा हवा असेल तर देवघराला लावू. ओट्याला नको.

बाबांचा आग्रह कडप्प्याचा. "तीस वर्षं टिकला, आणखी काय पाहिजे?" खरं आहे, टिकलाच. पण खिडकीखाली आगळाची बाटली असते तिथले पांढरे गोल तुम्ही दर दिवाळीला खोबरेल तेल चोळून काळे करता, आणि देवदिवाळीपर्यंत ते परत वर येतात. माझ्या संगमरवराचं आणि तुमच्या कडप्प्याचं दुखणं एकच. दोन्ही मुळात चुन्याचे दगड. लिंबू, चिंच, आगळ, ताक, काहीही आंबट पडलं की चुना विरघळतो. एक पांढरा आणि एक काळा, म्हणून भाऊ वाटत नाहीत एवढंच. (कडप्पा येतो आंध्रातल्या कडपा भागातून. तेलुगूत गडपा म्हणजे उंबरा, तिरुपतीच्या वाटेवरचं दार म्हणून गावाला ते नाव पडलं म्हणतात. बाबांना हे आवडेल म्हणून लिहिलं, ओट्याशी काही संबंध नाही.)

आता आईचा पाटा आठवा. त्यावर लसूण, चिंच, ओल्या मिरच्या, कैरी, काय काय वाटलं गेलं. टाकी लावायला बाई यायची तेव्हा ठिणग्या उडायच्या. त्या पाट्यावर कधी पांढरा गोल पडला? नाही पडला, कारण तो आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, थिजलेला लाव्हा. त्यात चुन्याचा दगड नाही, त्यामुळे आंबटाला खायला काही मिळत नाही.

गंमत म्हणजे दुकानात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात, तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. भूगर्भशास्त्रातली माणसं त्याला गॅब्रो किंवा डोलेराइट म्हणतात. तोच पाट्याच्या जातीचा रस, फक्त जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, म्हणून दाणा मोठा. म्हणजे पाट्याचा चुलतभाऊच ओट्यावर बसवायचा आहे. कठीणपणा मोजायच्या पट्टीवर संगमरवर 3 वर, सुरीचं पातं साधारण साडेपाचावर आणि हे दगड 6 च्या आसपास. आई थेट ओट्यावर कांदा चिरते, तर यात ओटा जिंकेल आणि सुरी बोथट होईल. लाकडी पाट वापर, हे मी दहाव्यांदा सांगतेय.

दादाने क्वार्ट्‌जचा व्हिडिओ पाठवलाय, तो मीही बघितला. दिसतो सुंदर. पण तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे, दगडाची भुकटी आणि रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) दाबून केलेला पत्रा आहे. आई भाकरीचा तवा सांडशीने उचलून सरळ ओट्यावर ठेवते. रेझिनला ती धग सोसत नाही, पिवळा डाग पडतो तो कायमचा. शिवाय तो कापताना सिलिकाची धूळ इतकी उडते की कारागिरांची फुप्फुसं जातात. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली. आपल्या दगडाचीही धूळ चांगली नव्हेच. कापायला येईल त्याला कटरवर पाण्याची धार धरायला लावा, आणि बाबा, तुम्ही खुर्ची टाकून शेजारी बसू नका.

मी कात्रजच्या बाजूला चार गोदामं हिंडले. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी सगळेच आधी दाखवतात. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा दगड, रात्रीच्या आभाळासारखा. पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी आई त्यावर ठिपका कुठला आणि सांडलेली मोहरी कुठली हे शोधत बसेल. आपल्याला साधा काळा. मुंग्या दिसणार नाहीत ही एक अडचण, पण पीठ कुठे सांडलंय ते लगेच दिसेल. खरखरीत लेदर फिनिशही हाताला छान लागतं. मी मात्र नको म्हणाले, भाकरीचं पीठ त्या खळग्यांत बसेल आणि आई ब्रश घेऊन बसेल.

दुकानात गेलात तर शहाण्यासारखे हसू नका, पण एवढं करा. पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन दगडावर चोळा. कापूस काळा झाला तर राखाडी दगडाला रंग दिलाय. दुकानातून हातभर तुकडा मागून आणा, त्यावर लिंबाची फोड आणि आगळाचे चार थेंब रात्रभर ठेवा. लादी उभी असताना ओल्या फडक्याने पुसा. बाकी दगड वाळला आणि एखादी रेघ ओलीच राहिली तर ती शीर नाही, तडा आहे. जाडी तोंडी ऐकू नका, कडेला पट्टी लावून बघा. 18 मिलिमीटरच्या खाली नको. सिंकसाठी भोक पाडलं की पुढे चार बोटांची पट्टी उरते, तडकतो तो तिथेच. दोन लाद्यांचा सांधा सिंकवर येऊ देऊ नका आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना खाली उभा आधार घ्यायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. गवंड्याने सुचवलंय की जुना कडप्पा न काढता त्यावरच ग्रॅनाइट चिकटवू, तोडफोड वाचेल. बाबांना ते पटलंय, ते कळलं मला. पण दगड आणि खालचा मसाला मिळून ओटा दीड इंच वर येईल. गेल्या गणपतीत मी आईला पुरण वाटताना बघितलं. टाचा उचलून उभी होती, उजवा खांदा कानाला लागलेला. आणि रात्री बाम चोळताना म्हणाली, "काही नाही गं, वाऱ्याने धरलाय." तो वारा नव्हता, ओटा होता. तीस वर्षांपूर्वी गवंड्याने आपल्या उंचीने बांधला आणि आईला कुणी विचारलंच नाही. त्यात आणखी दीड इंच नको. शिवाय दहा फूट लांब, दोन फूट रुंद लादीचं वजनच शंभर किलोच्या आसपास, ते जुन्या आधारांवर कशाला लादायचं?

तर जुना काढायचा. बाबा, तो फेकायचा नाही हे माझं वचन. तुम्ही आणि काकांनी टेम्पोतून कसा आणला ते मला पाठ आहे. मागच्या दारी धुण्याच्या दगडाशेजारी त्याचा बाक करू. तिथे आगळ सांडलं तरी कुणी बोलणार नाही.

एक काम करा. आईला पायात घरातल्या सपाता घालून उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून पाच इंच वजा करायचे. आकडा मला कळवा, गवंड्याला अजून सांगू नका. मी शनिवारच्या गाडीने येतेय, तीन दगडांचे तुकडे पिशवीत आहेत. आई, लिंबं आणून ठेव, आगळ आहेच.

तुमची,
धाकटी

ता. क. मोजताना आई टाचा उचलेल. लक्ष ठेवा.