केसपेपरवर एक प्रश्न वाढवा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी खारपाणपट्ट्यातल्या, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवते. इथं बोअरचं पाणी खारं आणि गावोगाव किडनीचे पेशंट. पाण्याबद्दलची निवेदनं आपल्याकडे पुष्कळ आली असतील, आणि ती खरीच आहेत. मी झाडपाल्याच्या औषधाबद्दल लिहितेय.

१९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात धडधाकट बायकांच्या किडन्या भराभर निकामी होऊ लागल्या. त्यांच्या गोळ्यांत चिनी वनस्पती होत्या. एका वेलीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वेल आली होती. चिनी बाजारात दोघींची नावं जवळजवळ सारखी. शंभरावर लोकांना तो फटका बसला. या वेलीतलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड किडनीतल्या नलिकांच्या पेशींत शिरतं आणि डीएनएला चिकटून बसतं. सुरुवातीला काही दुखत नाही. औषध थांबवल्यावरही किडनी आक्रसत जाते, आणि कॅन्सर तर कित्येक वर्षांनी उगवतो. त्यातल्या ३९ रुग्णांच्या निकामी किडन्या आणि मूत्रनलिका काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांत कॅन्सर निघाला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

साहेब, ॲरिस्टोलोकिया एकट्या चीनची नाही. आपल्या काळ्या रानात धुऱ्यावर पसरणारी किडामार त्याच जातकुळीची, ईश्वरीही त्यातलीच. गुरांच्या जखमेतले किडे मारायला किडामारचा पाला लावतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जंत पडावेत म्हणून लेकरांना तिचा रस पाजतात, साप चावला की ईश्वरीची मुळी उगाळून देतात. खाऱ्या पाण्यानं आधीच थकलेल्या किडनीवर हे आणखी एक ओझं.

वैदूंच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. चिनी औषधपरंपरेतूनच मलेरियावरचं आर्टेमिसिनिन आलं आणि चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५चं नोबेल मिळालं. सोमल या विषापासून चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी रक्ताच्या एका कॅन्सरवर औषध काढलं. चिनी झाडातून कॅन्सरच्या औषधांचा पाया ठरलेलं कॅम्पटोथेसिन वेगळं करणाऱ्यांत आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी होते. पण ही औषधं मात्रा आणि विषारीपणा तपासल्यावरच सर्रास वापरात आली. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणारे अर्क पुष्कळ असतात. ॲरिस्टोलोकिक ॲसिडही कधीकाळी कॅन्सरवरचं औषध म्हणून तपासलं गेलं होतं; पुढं उंदरांना त्यानंच कॅन्सर झाला. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘कॅन्सरवर रामबाण’ संदेशांत हे कोणी लिहीत नाही.

म्हणून विनंती एकच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून डायलिसिसच्या खोलीपर्यंत किडनीच्या प्रत्येक रुग्णाला विचारावं: कोणतं चूर्ण, काढा, मुळी घेतली? किती दिवस? कोणाकडून? उत्तर केसपेपरवर लिहावं. विचारताना रागावू नये, रागावलं की माणूस लपवतो. घरात पुडी उरली असेल तर ती प्रयोगशाळेत पाठवावी. हे ॲसिड तपासणीत सापडतं. आठवडी बाजारातल्या चूर्णांचे नमुनेही अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावेत. तैवाननं २००३ मध्ये अशा औषधांवर बंदी घातली. आपण निदान मोजायला तरी सुरुवात करू.

निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि वैदू मंडळींना बोलावून त्यांच्याशीही बोलावं. किडामार कुठल्या धुऱ्यावर उगवते आणि कोणाला दिली जाते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

आपली,
खारपाणपट्ट्यातली एक शिक्षिका