पोटदुखीची गोळी देताना वय तरी विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडीत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाऊन पोटात कळ आली की कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणायची, ही इंदूरच्या बहुतेक घरांतली रीत आहे. गेल्या जानेवारीत माझ्या 76 वर्षांच्या वडिलांसाठी मीही तेच केले. दुकानदाराने ना चिठ्ठी मागितली, ना गोळी कोणासाठी हे विचारले. खरे तर मीही ते आपणहून सांगितले नाही. तिसऱ्या गोळीनंतर बाबांच्या तोंडाला एवढी कोरड पडली की पोळीचा घास गिळवेना. रात्री लघवी अडली आणि पहाटे ते कधीच निवर्तलेल्या आजीला हाका मारू लागले. रुग्णालयात नळी घालून लघवी काढावी लागली. त्यांचे प्रोस्टेट वाढलेले आहे हे आम्हाला ठाऊक होते. पोटदुखीच्या गोळीशी त्याचा काही संबंध असेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हते.

त्या गोळीत डायसायक्लोमिन होते. आतड्यांना आकुंचन पावण्याचा संदेश पोचवणाऱ्या अॅसिटिलकोलीनची वाट हे औषध अडवते, म्हणून मुरडा सैल पडतो. पण पेशींवरच्या ज्या संदेश टिपणाऱ्या रेणूंवर (मस्करिनिक ग्राहकांवर) ते काम करते, ते लाळग्रंथी, डोळे, मूत्राशय, हृदय आणि मेंदूतही असल्याने वृद्धांना भ्रम होणे किंवा काही प्रकारचा काचबिंदू एकाएकी बळावणे शक्य असते. महाशिवरात्रीला आपण महादेवाला जे धोत्र्याचे फळ वाहतो, त्यातील अॅट्रोपिन आणि हायोसीन याच कुळातली. सहा महिन्यांखालील बाळांना तर डायसायक्लोमिन देऊच नये.

या वर्गातली औषधे एके काळी जठरातील अल्सरवरही दिली जात. परंतु आम्ल कमी करणारी अधिक परिणामकारक औषधे आल्यावर, आणि बहुतेक अल्सरांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात हे कळल्यावर, ती मागे पडली. (जिवाणूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळाले.) तरीही ‘अॅसिडिटी आहे, कळ येते’ एवढे म्हटले की आजही हीच गोळी हातावर ठेवली जाते. त्यातही डायसायक्लोमिन आणि मेफेनॅमिक अॅसिड हे वेदनाशामक एकत्र असलेली गोळी मला अधिक धोक्याची वाटते, कारण मेफेनॅमिक अॅसिड स्वतःच अल्सर निर्माण करू शकते. म्हणजे दुखणे दबते आणि जखम मात्र वाढत राहते.

माझा रोष औषधावर नाही. योग्य रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले तर ते उपयोगीच आहे. शहरातील औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय ते देऊ नये, आणि चिठ्ठी असली तरी रुग्णाचे वय, लघवीचा त्रास व काचबिंदू यांची चौकशी करावी, एवढीच विनंती आहे. पट्टीवरचा बारीक इंग्रजी मजकूर बाबांना भिंग घेऊनही वाचता आला नव्हता.

आपला विश्वासू,
एक वाचक, इंदूर