अंगणवाडीताईंस, एका आजीकडून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या नातवाला गेल्या आठवड्यात सव्वा वर्ष पूर्ण झाले. या काळात आपण आमच्या घरी अनेकदा आलात, पण आपले आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानते आहे, आणि माझ्यासारख्या इतर आज्यांच्याही वाचनात यावे म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

बाळ अवघे बारा दिवसांचे असताना रात्री सारखे रडू लागले, तेव्हा सुनेला दूध पुरत नाही असे मीच ठरवून टाकले आणि मुलाला औषधांच्या दुकानातून पावडरच्या दुधाचा डबा आणायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आलात. डबा पाहून आपण रागावला नाहीत. त्यावरची ठळक ओळ मला मोठ्याने वाचायला सांगितलीत. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे, असे त्या डब्यावरच छापलेले होते, आणि ते छापणे १९९२ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे मला त्या दिवशी कळले. मग दारातल्या दोरीकडे बोट दाखवून आपण विचारलेत, "काकू, कालपासून लंगोट किती ओले झाले?" मोजले तर आठ भरले. वजन केले, तर ते जन्माच्या वजनापुढे गेलेले होते. दिवसरात्रीत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे, आणि रडणे म्हणजे दर वेळी भूक नव्हे, हे आपण इतक्या शांतपणे समजावलेत की सील न फोडलेला तो डबा संध्याकाळी दुकानात परत गेला.

सहा महिन्यांनंतर सून कामावर रुजू झाली. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजणे आपणच मला शिकवलेत.

खरी चूक मात्र मी वरचे अन्न सुरू झाल्यावर करत होते. आमच्या पिढीला बाळसे धरलेले, गुटगुटीत मूल म्हणजेच निरोगी मूल वाटत आले. सुदृढ बालक स्पर्धांमध्ये बक्षीसही अशाच मुलांना मिळताना आम्ही पाहिले. आपण एका दुपारी आलात, तेव्हा नातवाला मांडीत आडवे धरून, समोर मोबाइल लावून, साखर घातलेली रव्याची खीर मी त्याच्या तोंडात सारत होते आणि तो मान वळवत होता. आपण शेजारी बसलात आणि एवढेच म्हणालात, "वाटी खाली ठेवा आणि त्याच्याकडे बघा." त्याला सरळ बसवले, मोबाइल बंद केला. थोड्या वेळाने तो स्वतःच पुढे झुकला, दोन चमचे घेतले, मग ओठ घट्ट मिटून चमचा हाताने ढकलला. "पोट भरलं त्याचं," आपण म्हणालात. आठ महिन्यांच्या मुलाला आपली भूक कळते, आणि आपणच ती जाणीव आग्रहाने मोडून काढतो, हे इतकी मुले वाढवूनही मी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर दोन वर्षांपर्यंत साखर नाही, हा नियम घरात झाला. खिरीऐवजी नाचणीचे सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेले केळे आले. अंगावर पिणाऱ्या मुलाला पुढे लठ्ठपणा येतच नाही, असे आपण कधी सांगितले नाहीत, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मुलाचे वजन अनेक गोष्टींवर ठरते, त्यांतल्या ज्या आपल्या हातात आहेत त्या सांभाळायच्या, एवढेच आपले म्हणणे असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. आकडा लहान दिसतो, पण वाढता आहे. अंगणवाडीत आपला दिवस कुपोषित मुलांच्या काळजीत जातो, तरीही उंचीच्या मानाने वजनाची रेघ वर सरकू लागलेल्या मुलाकडेही आपण तितक्याच बारकाईने पाहता, याबद्दल माझ्या मनात अतिशय आदर आहे.

आता तो स्वतःच्या ताटलीतून हाताने खातो, निम्मे सांडतो. काल तीन घास खाऊन त्याने ताटली माझ्याकडे सरकवली. मी ती उचलून ठेवली आणि त्याचे हात धुतले.

आपली कृतज्ञ,
एक आजी