ग्राइंडरला लाकडाचं पातं नको

महोदय,

शहापुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पावसाळा सरला की अनगोळ, वडगाव, येळ्ळूर भागात स्लॅबची कामं सुटतात आणि काउंटरवर एक मागणी हटकून येते, "चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं द्या." मी ते ठेवत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाऊन घेतं, हेही ठाऊक आहे.

ग्राइंडर म्हणजे हातात धरून लोखंड कापायचं, घासायचं मशीन; तो मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. लोखंड कापायची चकती झिजत झिजत कापते. दातेरी पातं लाकडात दात रोवतं. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, जुन्या प्लायमध्ये हमखास एखादा मोडका खिळा असतो. त्यावर दात अडकला की मशीन उलटं उसळतं. सरकतं बटन एकदा पुढं केलं की हात सुटला तरी बहुतेक मशीन चालूच राहतं. गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, तर आधीच काढून ठेवलेलं, कारण पाच इंची चकती त्यात मावत नाही! फळी डाव्या हातानं दाबून धरलेली, म्हणजे वाटेत येतात ती डावी बोटंच.

मालक मंडळी सुती हातमोजे घेऊन देतात आणि निर्धास्त होतात. पत्रा, सळी उचलायला मोजे हवेतच. पण फिरत्या पात्यात सैल मोज्याचा धागा गुंतला की सगळा हात आत ओढला जातो.

लाकडासाठी सर्क्युलर सॉ, म्हणजे लाकूड कापायचं गोल पात्याचं मशीन, वापरा. पातं लाकडाबाहेर आलं की खालचं गार्ड आपोआप त्याला झाकतं. ग्राइंडरपेक्षा महाग पडतो, खरं आहे. पण लाखोंच्या स्लॅबमध्ये मेस्त्रीला नेमका इथंच खर्च दिसावा? फळी घोडीवर शिकंज्यानं आवळा, पातं बदलताना प्लग काढा.

1996 च्या कायद्यानं सुरू झालेला बांधकाम खर्चावरचा 1 टक्का उपकर कामगार कल्याणासाठीच घेतला जातो. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवसांचं काम पुरतं, तरी माझ्याकडं येणाऱ्या कित्येक कामगारांकडं नोंदणीचं कार्ड नाही. घर बांधणाऱ्यांनी काम देतानाच ते विचारावं.

आणि बोट तुटलंच, तर ते थेट बर्फात टाकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फावर ठेवा आणि जखमीसोबतच दवाखान्यात न्या.

– एक हार्डवेअर दुकानदार, शहापूर, बेळगाव