ड्रायव्हरच्या खिडकीतला समुद्र

नागपूर,
होळीच्या आधीचा रविवार

प्रिय सुध्या,

आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे होते तसेच. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढून झाला, डॉक्टर खूश आहेत. तब्येतीचं संपलं.

फोन केला असता, पण घरात फोनवर बोललो की बाबा बाजूच्या खोलीतून ऐकतात, आणि गोष्ट त्यांचीच आहे. बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. मागितली नव्हती, स्वतःहून दिली. इथं कोणाला सांगितलं तर म्हणतील, बरं झालं ना, वय झालं आता. म्हणून कोणाला सांगितलं नाही.

भिवापूरहून येत होतो, मावशीच्या नातीचं साक्षगंध आटोपून. उमरेड सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. समोरून येणारा प्रत्येक जण पांढरे लाइट अप्परवर ठेवून. डिप्पर द्यायची रीतच राहिली नाही आता. बाबांनी वेग कमी केला, गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोन-तीन ट्रक गेले. मला वाटलं लघवीला थांबले. तर किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि उतरून मागे आईशेजारी जाऊन बसले. पुढच्या सीटवरसुद्धा नाही बे, मागे! दिघोरीपर्यंत एक शब्द नाही. कुठं धक्का नाही, कोणी आडवं आलं नाही, काही म्हणजे काही झालं नाही. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्यांना विचारू नको."

तूच सांग, हा माणूस मागे बसलेला तू कधी पाहिलास? कॉलेजात असताना तू किल्ली मागितली होतीस तर म्हणाले होते, "आधी बैलगाडी हाकून दाखव, मग बघू." तू अजून रागावला आहेस, मला माहीत आहे. पण त्या रागातूनच तू गाडी नीट शिकलास, हेही लिहून ठेवतो.

आता खरं सांगतो. कोकणात, तुझ्याकडे दापोलीला यायचं ठरलंय ते तुला माहीत आहेच, शिमगा आटोपला की निघायचं, इकडे ऊन तापायच्या आत. पण बाबा आता म्हणून राहिले, "तू चालव, मी मागे बसतो, मला काय, समुद्र कुठूनही दिसतो." सुध्या, ते असं बोलले की माझ्या पोटात गोळा येतो. सगळी नोकरी एसटीच्या गणेशपेठ डेपोत गेली त्यांची. गडचिरोली, ब्रह्मपुरी, अहेरीची मुक्कामी गाडी. जंगल पाहिलं, पूर पाहिले, वैनगंगा शंभरदा ओलांडली. समुद्र पाहिला तो फक्त मुंबईत, कामगारांच्या मोर्चात, गर्दीच्या खांद्यांवरून. तुझ्या लग्नात तू म्हणाला होतास, "काका, एकदा गाडी घेऊन या, रस्त्याला चिकटून समुद्र दाखवतो." तू विसरला असशील, ते नाही विसरले.

म्हणून गेले कित्येक दिवस नकाशा घेऊन बसतो आहे. मला एकच काढायचं आहे: या अख्ख्या प्रवासात असा कोणता तुकडा आहे, जो बाबांनी चालवावा?

समृद्धी महामार्ग नाही. 2022 च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचे 520 किलोमीटर सुरू झाले तेव्हा ते हौसेनं जाऊन आले होते. म्हणाले, "रस्ता चांगला आहे, पण याला गावच नाही." ना चहाची टपरी, ना हात दाखवणारं कोणी, ना वळण. 120 च्या वेगात ती सरळ रेघ बघून डोळ्यांवर झापड येते, तिथं मीच चालवणार, आणि मधे लोणारला मुक्काम करणार. शिर्डीला उतरून संगमनेर, नारायणगाव, पुणे. तेही माझ्याकडे, कारण ती गर्दी त्यांना सोसायची नाही. ताम्हिणी? मुळशीचं पाणी बाजूला असतं तोवर ठीक, पुढं उताराची वळणं आणि पुण्याची सुट्टीवर निघालेली पोरं. नाही.

मग दिवेआगरला येऊन थांबलो. दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन. तू ज्या रस्त्याचं नाव घेतलंस की गप्प व्हायचास, तोच. आणि नकाशावर बोट फिरवताना एक गोष्ट लक्षात आली, ती तुला कळवण्यासाठीच खरं तर हे पत्र. दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाताना आपण दक्षिणेला उतरतो. समुद्र पश्चिमेला, म्हणजे उजव्या हाताला. ड्रायव्हरच्या खिडकीत! शेजारी बसणाऱ्याला डोंगर, चालवणाऱ्याला पाणी. शिवाय आपण डावीकडून जाणार म्हणजे गाडी डोंगराच्या कुशीला, कड्याच्या बाजूला नाही. आणि सकाळी निघालो तर ऊन डोंगराच्या मागून येईल, डोळ्यांवर थेट काही नाही, अप्परवाले नाहीत, अंधार नाही. उलट दिशेनं आलो असतो तर समुद्र शेजारच्या खिडकीत आणि गाडी कड्याच्या बाजूला गेली असती. म्हणून दिवेआगरकडून खाली उतरायचं, हरिहरेश्वरकडून वर चढायचं नाही, हे माझ्यापुरतं पक्कं आहे.

तर तू मला खरं सांग, तिथला राहणारा म्हणून. पावसानं रस्ता कुठं खचला आहे का? शेखाडीजवळ दोन गाड्या आरामात निघतात का? कामाच्या दिवशी सकाळी किती वर्दळ असते? पर्यटन खात्यासारखं उत्तर देऊ नको.

आणि बागमांडल्याचं सांग. बाणकोटच्या खाडीवर वेश्वीला जायला फेरीबोटच ना अजून? गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात का? तसं असेल तर देव पावला. अरुंद गल्लीत, कंडक्टर पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतोय आणि बाबा एका हातानं लाल डबा मागे घेताहेत, हे आपण दोघांनी पाहिलेलं आहे. बोटीवर त्या पोरानं इशारा केला ना, की ते मागच्या सीटवर बसूच शकणार नाहीत. तिथली शेवटची बोट मागे कुणामुळे चुकली आणि आंबेतचा वळसा कुणामुळे पडला, तो वाद आपण वेश्वीच्या धक्क्यावर समोरासमोर मिटवू. कोळंबी तूच खात बसला होतास.

एक मात्र मान्य करणार नाही. मागच्या मेसेजमध्ये तू लिहिलंस, विदर्भात रस्त्यावर बघायचं काय, सरळच तर आहे. दापोलीचं पाणी लागलं तुला. त्याच उमरेड रस्त्यावर, त्या संध्याकाळच्या आधी, जाताना भर दुपारी दोन्ही बाजूंनी पळस फुललेला होता, पान एक नाही, नुसता केशरी जाळ. बाबा गाडी चाळीसवर आणून चालवत होते आणि कोणता पळस कोणत्या साली वठला ते सांगत होते. परतवाड्याहून सेमाडोहला उतरताना सागाच्या बनातून सिपना नदी दिसते, तिथं तूच थांब म्हणाला होतास, आठवतं? समुद्र नाही आमच्याकडे, कबूल. बाकी जिभेला आवर घाल.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं की नाही म्हणतील. दिवेआगरला सकाळी चहा झाला की किल्ली सरळ त्यांच्यासमोर ठेवणार आणि मी डावीकडे जाऊन बसणार. आई म्हणते, जबरदस्ती करू नको. जबरदस्ती नाही, पण मधे एकदा विचारलं पाहिजे ना? ज्यानं आयुष्यभर लोकांना घरी पोचवलं त्यानं काळोखाला घाबरून सगळाच रस्ता सोडावा, हे मला पटत नाही. रात्री नको, मान्य. ट्रकच्या रांगेत नको, मान्य. पण सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, समुद्र उजवीकडे असताना? तुला काय वाटतं ते लिही, माझी समजूत काढायला नको लिहू.

स्लॅब पडला का घराचा? पिंकीची दहावी, म्हणजे आम्ही येऊ तेव्हा पेपर संपलेले असतील ना, नाहीतर वहिनी तुला आणि मला दोघांनाही बाहेर काढतील. काकूंना नमस्कार. भिवापूरची मिरची घेतली आहे, दोन किलो, वहिनींसाठी. तू हात लावू नको, मागच्या वेळी काय झालं ते विद्यापीठातल्या सगळ्यांना माहीत आहे.

उत्तर मेसेजवर पाठव, फोन नको. आणि दिवेआगरला खोली बघशील ती तळमजल्यावरची बघ, आईला जिना चढवत नाही. गाडी अंगणात लागली पाहिजे, तोंड रस्त्याकडे करून.

तुझा,
विन्या