बिलं दोन, खड्डा एकच

संपादक साहेब, नमस्कार.

रस्तेखोदाईची तुमची बातमी वाचली, पाण्याचे पाइप फुटले, ट्रॅफिक तुंबलं सगळं आलं त्यात, पण तुटणाऱ्या फायबरचं, म्हणजे इंटरनेटच्या केबलचं, एक अक्षर नाही म्हणून लिहितोय.

मी लाइव्ह प्रोग्रामचं टेक्निकल काम बघतो. आमच्याकडे एकच सिग्नल दोन वेगळ्या नेटवर्कवरून एकाच वेळी सोडतात, प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, नंबर असतो, पलीकडचं मशीन जे आधी आलं ते घेतं आणि त्याच नंबरचं दुसरं टाकून देतं. लांबच्या वाटेने येणाऱ्या पॅकेटसाठी थोडं थांबावं लागतं, म्हणजे चित्र किंचित उशिरा, एवढाच तोटा. एक लाइन तुटली तरी बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही, कारण ऐनवेळी दुसरीवर उडी मारायचीच नसते, ती चालूच असते. प्रसारणाच्या मानकांत एसएमपीटीई २०२२-७ म्हणतात याला, विजेच्या सबस्टेशनमध्ये पीआरपी नावाने साधारण हेच चालतं.

पण हे सगळं कधी, तर वाटा खरंच वेगळ्या असतील तेव्हा! मागे एका कार्यक्रमाला आम्ही दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या, दोन बिलं भरली, आणि एका जेसीबीने दोन्ही एका फटक्यात उडवल्या. नंतर कळलं की दुसऱ्या कंपनीने पहिलीच्याच डक्टमधली, म्हणजे जमिनीखालच्या केबलच्या नळीतली, फायबर भाड्याने घेतलेली. विचारलं तर म्हणे रूट सांगत नसतो.

हे गल्लीतलंच नाही हो. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग अशा दोन समुद्री केबल तुटल्या आणि इथे भारतात नेट रडत चाललं. मालक वेगळे, वाट तीच. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीतल्या जेद्दाजवळ पुन्हा समुद्री केबल तुटल्या.

खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आणलं, आमच्या भागातल्या कंत्राटदाराने नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. महापालिकेने खोदाईची परवानगी देतानाच ते सक्तीचं करावं, आणि बॅकअप म्हणून लाइन विकणाऱ्याने ती कुठल्या रस्त्याने, कुठल्या डक्टमधून येते ते ऑर्डरवरच लिहून द्यावं.

तोवर आम्ही स्वतःच चेंबरची झाकणं उघडून बघत फिरतो, वॉचमन ओरडतात ते वेगळंच.

— एक वाचक, पुणे