फायरवॉल बंद करू नकोस रे

प्रिय सुन्या,

काल तू म्हणालास की फोन सिस्टीम बसवणारा पोरगा सांगतोय फायरवॉल (इंटरनेटवरून कोणाला आत येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) काढून टाका मग कॉल तुटायचे थांबतील, आणि तू काढणारही आहेस, तेव्हापासून मला चैन नाही. रात्री-अपरात्री तुझ्याकडे ऑक्सिजन सिलिंडरसाठी फोन येतात, त्यातला एक तुटला तरी जीव खालीवर होतो हे कळतं मला. आमचं लिफ्ट दुरुस्तीचं काम, आमच्याकडेही फोन आला म्हणजे बहुतेक कोणीतरी अडकलेलं असतं. पण आम्ही दोन्हीकडून पोळलोय म्हणून लिहितोय.

सुरुवातीला आमचा ॲस्टरिस्कचा (इंटरनेटवरून फोन चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर थेट पब्लिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवर कोणालाही दिसणाऱ्या पत्त्यावर होता, मध्ये काहीच नाही. कॉल एकदम छान चालायचे. पण ५०६० पोर्ट, म्हणजे कॉल जोडायचे निरोप येतात-जातात ते दार, जगाला उघडा दिसला की बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) दिवसरात्र एक्स्टेन्शन (आतल्या फोनचे नंबर) आणि पासवर्ड लावून बघत बसतात, आणि आमच्या २०१ चा पासवर्ड २०१च होता. शनिवारी रात्री कोणीतरी शिरलं आणि परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावत राहिलं. चोराला बोलायचं नसतंच, त्या नंबरांवर मिनिटामागे जे पैसे जमतात त्यात त्याचा वाटा असतो. सोमवारी सकाळी ट्रंकचा, म्हणजे बाहेरच्या कॉलसाठी कंपनीकडून घेतलेल्या लाइनचा, बॅलन्स शून्य, आमचा स्वतःचा कॉल बाहेर जाईना.

मग घाईघाईत सर्व्हर फायरवॉलच्या मागे टाकला. त्याच आठवड्यात एका सोसायटीतून लिफ्टमध्ये अडकलेल्या आजोबांचा फोन आला, त्यांना आमचं हॅलो हॅलो ऐकू जात होतं पण त्यांचा आवाज आम्हाला येईना, आणि ३२ सेकंदांनी कॉल कट. परत लावला, परत ३२ सेकंद! तिसऱ्यांदा वॉचमनने माझ्या मोबाईलवर केला तेव्हा पत्ता कळला. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

कारण एवढंसं होतं. सर्व्हरला आता १९२.१६८ वाला घरातला पत्ता मिळाला होता, जो बाहेरून कोणालाच सापडत नाही, आणि तो ट्रंकवाल्या कंपनीला तोच पत्ता सांगत होता, त्यामुळे त्यांच्याकडून येणारा आवाजही तिकडे जायचा आणि कॉल उचलल्याची पोचही. एसआयपीमध्ये (इंटरनेटवर कॉल जोडायची पद्धत) ही पोच आली नाही तर सर्व्हर ३२ सेकंद वाट बघतो आणि कॉल सोडून देतो. सेटिंगमध्ये आपला बाहेरचा आयपी आणि आतलं नेटवर्क भरलं, राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद केलं (ते मदतीच्या नावाखाली पॅकेटमधले पत्ते बदलून घोळ घालतं), की संपलं. म्हणजे दोष फायरवॉलचा नव्हताच. तुझेही ३०-३२ सेकंदांनीच तुटत असतील तर आधी हेच बघ, घड्याळ लावून बघ.

आणि ५०६० फक्त ट्रंकवाल्या कंपनीच्या आयपींना उघडा ठेव, बाकी सगळ्यांना बंद. आवाजाचे पोर्ट वेगळे असतात, ॲस्टरिस्कमध्ये साधारण १०००० ते २००००, आणि आवाज बऱ्याचदा त्यांच्या दुसऱ्याच सर्व्हरवरून येतो, म्हणून ते आयपीही लेखी मागून घे. डिलिव्हरीच्या पोरांचे मोबाईल व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरची आपली खाजगी वाट) जोड. आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घे, तुला कुठे लागतंय. फोनचं कीप-अलाइव्ह (मी जागा आहे असं सांगणारा छोटा निरोप) ३० सेकंदांच्या आत ठेव, नाहीतर शांत बसलेल्या फोनची वाट राउटर बंद करतो आणि येणारी रिंग पोचतच नाही.

फेलटूबॅन (सारखा चुकीचा पासवर्ड देणाऱ्याचा आयपी ब्लॉक करणारा प्रोग्रॅम) लावशील तर दुकानाचा आणि गोडाऊनचा आयपी आधी सुरक्षित यादीत टाक. आमच्या ब्रँचमधल्या एका फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला होता, तो फोन चुकीचा पासवर्ड पाठवत राहिला आणि फेलटूबॅनने अख्खी ब्रँच ब्लॉक केली, सहा फोन मुके, आणि आम्ही दुपारपर्यंत इंटरनेटवाल्याशी भांडत बसलो.

त्या पोराला म्हणावं रविवारपर्यंत काही हात लावू नको. रविवारी रात्री नऊला मी लॅपटॉप घेऊन बसतो, तू राउटरचा पासवर्ड शोधून ठेव आणि टेस्टला वहिनींचा मोबाईल जवळ असू दे, बाहेरून कॉल करून बघायला लागेल.

तुझा,
मंग्या